फ्रेंच टोस्ट रोल फाटतात, उलगडतात आणि आतून ओले राहतात: प्रमाणाआधी ब्रेडकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी तुम्ही गोड सारणाचे फ्रेंच टोस्ट रोल केले, म्हणजे लाटलेल्या ब्रेडच्या स्लाइसमध्ये सारण गुंडाळून, अंड्या-दुधात बुडवून पॅनमध्ये भाजलेले रोल. आठपैकी तीन गुंडाळतानाच फाटले, दोन पॅनमध्ये उलगडले. चॉकलेटचं सारण बाहेर येऊन करपलं, आणि जे शाबूत राहिले ते बाहेरून काळपट, आतून ओलसर आणि अंड्याचा वास येणारे निघाले. घरात एक जण अंडं खात नाही, त्याच्यासाठी काय करता येईल, हेही तुम्हाला हवं आहे. आणि सगळ्यात शेवटी तुम्ही विचारलंय, "दूध आणि अंड्याचं अचूक प्रमाण कोणतं?"

प्रमाण सांगते. पण तुम्ही लिहिलेल्या तक्रारींपैकी प्रमाणामुळे झालेली तक्रार फार तर एक आहे. बाकीच्या सगळ्या ब्रेड, सारण आणि आच यांच्या आहेत. मी बारा वर्षं नाश्त्याचं स्वयंपाकघर सांभाळते आहे आणि हे रोल शिकवतेही. शिकायला आलेले जवळपास सगळेच आधी अंड्याच्या मिश्रणात फेरफार करून बघतात आणि त्यांचे रोल तरीही उलगडतात.

मुळात गोंधळ होतो तो नावामुळे. फ्रेंच टोस्ट हा शिळ्या ब्रेडचा पदार्थ आहे. फ्रेंच भाषेत त्याला 'पँ पेर्द्यू' म्हणतात, म्हणजे वाया गेलेला ब्रेड. सुकलेला, कडक झालेला ब्रेड दूध-अंडं भरपूर पितो आणि तरी मोडत नाही, म्हणून तो भिजवायचा आणि लोण्यावर भाजायचा. 'शिळा ब्रेड घ्या, दूध सढळ घाला, नीट मुरू द्या' हा सल्ला तुम्ही वाचला असेल, तर तो सपाट टोस्टसाठी शंभर टक्के बरोबर आहे. रोलला मात्र तिन्ही गोष्टी उलट लागतात. ब्रेड ताजा हवा, कारण त्याला वळायचं आहे. दूध कमी हवं. आणि मुरवायचं तर अजिबात नाही. सपाट टोस्टमध्ये अंडं ब्रेडच्या आत जाऊन शिजतं. रोलमध्ये ते बाहेरून पातळ कातडीसारखं बसतं आणि रोल बंद ठेवतं. ही एक गोष्ट मनात पक्की झाली की पुढचं सगळं आपोआप सुचत जातं.

आता ब्रेडपासून सुरुवात करू, कारण तुमचे तीन रोल तिथेच गेले.

ब्रेड शिळा होतो म्हणजे फक्त सुकतो असं आपण धरून चालतो. पण घट्ट बंद पाकिटात ठेवलेला ब्रेडही दोन दिवसांनी ताठ होतो, हे तुम्ही पाहिलं असेल. भाजताना फुगून मऊ झालेला स्टार्च थंड झाल्यावर हळूहळू पुन्हा स्फटिकासारखा घट्ट बसत जातो आणि त्यामुळे स्लाइस ताठरते. ही क्रिया फ्रिजच्या थंडाव्यात सगळ्यात वेगाने होते. म्हणून रोलसाठी आणलेला ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका. एक-दोन दिवसांत वापरणार असाल तर बाहेर राहू द्या. जास्त दिवस ठेवायचा असेल तर सरळ फ्रीझरमध्ये टाका, तिथे ही क्रिया जवळजवळ थांबते. तुम्ही लिहिलंय की ब्रेड 'आदल्या दिवशीचा, फ्रिजमधला' होता. फाटण्याचं कारण मला तिथेच दिसतं.

फ्रिजमधलाच ब्रेड हाताशी असेल तर तोही वाया जात नाही. गरम केला की तो काही वेळापुरता पुन्हा मऊ होतो. दोन-दोन स्लाइस किंचित ओलसर कापडात गुंडाळून मायक्रोवेव्हमध्ये आठ ते दहा सेकंद ठेवा, किंवा उकळत्या पाण्याच्या भांड्यावर चाळणीत अर्धा मिनिट वाफ द्या. पण मग लगेच लाटून लगेच गुंडाळायचं. निवला की तो आधीपेक्षाही ताठ होतो, त्यामुळे सगळ्या आठ स्लाइस एकदम गरम करून ठेवू नका.

कोणता ब्रेड घ्यायचा? मऊ, बारीक आणि एकसारख्या जाळीचा पांढरा सँडविच ब्रेड किंवा मिल्क ब्रेड. स्लाइस साधारण एक सेंटिमीटर जाड असावी. दोन सेंटिमीटरची जाड स्लाइस सपाट टोस्टसाठी सुंदर, पण ती लाटली की दडपून घट्ट होते आणि रोल आत पिठूळ लागतो. गव्हाच्या कोंड्याचा ब्राउन ब्रेड घेतला तर कोंड्याचे कण ग्लुटेनची, म्हणजे पिठातल्या चिवट प्रथिनांची, जाळी मध्येमध्ये तोडतात, त्यामुळे वळताना तडे जातात. आरोग्यासाठी तोच हवा असेल तर करा, मात्र वाफ द्यायला चुकू नका आणि रोल जरा सैल गुंडाळा. ब्रिओश छान वळतो, पण त्यात लोणी, अंडं आणि बरेचदा साखरही असते, म्हणून तो फार पटकन रंग धरतो. मोठमोठ्या भोकांचा सावरडो, म्हणजे आंबवलेल्या पिठाचा ब्रेड, या कामाचा नाही. भोकांतून सारण गळणारच.

कडा कापून टाका. कडेची साल मऊ भागासारखी दाबली जात नाही आणि नेमकी तिथूनच चीर सुरू होते. कापलेल्या कडा मंद ओव्हनमध्ये वाळवून चुरा करून ठेवा, फेकायचं काही कारण नाही.

लाटताना घरच्या लाटण्याने मधून कडांकडे, हलक्या हाताने, दोन्ही दिशांनी लाटा. जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास आली की थांबा. त्याहून पातळ केली तर अंड्यात बुडवताच ती स्लाइस हातात येत नाही. लाटण्याला चिकटत असेल तर वर बटर पेपर ठेवा. पीठ भुरभुरू नका, त्यामुळे जोड चिकटत नाही. आणि मी नेहमी करते ती एक गोष्ट सांगते: ज्या कडेवर गुंडाळी संपणार आहे, तिचा शेवटचा एक सेंटिमीटर बोटांनी किंवा लाटण्याच्या टोकाने आणखी दाबून कागदासारखा पातळ करायचा. जाड कड जोडावर पायरीसारखी उभी राहते आणि पॅनमध्ये तिथूनच रोल उघडतो. पातळ केलेली कड अंगाला चिकटून बसते. लाटलेल्या स्लाइस एकावर एक रचून ओलसर कापडाखाली ठेवा; पाच मिनिटं उघड्या राहिल्या तरी कडा वाळायला लागतात.

सारणाबद्दल लोकांचा हात सैल सुटतो, आणि मी ते समजू शकते, कारण मजा तिथेच असते. तरीही एका रोलला एक भरगच्च छोटा चमचा पुरे, म्हणजे दहा-बारा ग्रॅम. ते सगळ्या स्लाइसवर पसरू नका. तुमच्याकडच्या कडेपासून एक सेंटिमीटर आत पट्टीसारखं ठेवा, दोन्ही बाजूंना अर्धा सेंटिमीटर मोकळा सोडा, आणि समोरची पातळ केलेली कड पूर्ण कोरी राहू द्या. तिथे सारण लागलं की अंडं ब्रेडला धरत नाही.

सारण बाहेर का येतं, हे कळलं की कोणतं सारण निवडायचं तेही कळतं. दोन कारणं असतात. एक तर ते गरम होऊन पातळ होतं. दुसरं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाट शोधते. चॉकलेट स्प्रेड पहिल्या प्रकारात मोडतं. त्यात पाणी जवळपास नसतंच, पण ऊब लागली की ते तेलासारखं पळतं. तुमच्याकडे तेच झालं. उपाय सोपा आहे: बटर पेपरवर स्प्रेडच्या बोटाएवढ्या पट्ट्या घालून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि गार, घट्ट पट्टीच गुंडाळा. त्याहून सोपं म्हणजे साध्या चॉकलेटच्या वडीचा लांबट तुकडा ठेवा. चॉकलेट साधारण ३० ते ३४ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे रोल भाजला जाईपर्यंत तेही वितळतंच. पण सुरुवातीचा मिनिटभर ते घट्ट राहतं, आणि तेवढ्या वेळात जोड शिजून बंद झालेला असतो. आपल्याला तेवढीच सवड हवी असते.

ताजी फळं दुसऱ्या प्रकारात येतात. स्ट्रॉबेरीत दहातले नऊ भाग पाणीच असतं, आणि तिच्यावर साखर घातली की ते पाणी भराभर बाहेर येतं. कच्च्या स्ट्रॉबेरीचे तुकडे गुंडाळले तर रोल आतून भिजून फुटतो. फळं आधी शिजवून आटवून घ्यायची. मला स्वतःला सफरचंदाचं सारण सगळ्यात जास्त आवडतं: दोन मध्यम सफरचंदांच्या अगदी बारीक फोडी, एक मोठा चमचा लोणी, दोन मोठे चमचे साखर, पाव छोटा चमचा दालचिनी पूड आणि चिमूटभर मीठ. पॅनमध्ये आठ-दहा मिनिटं परतायचं, उलथणं फिरवल्यावर तळाशी पाणी धावत नाही इतपत. मग पूर्ण गार करायचं. कोमट सारण भरलं तर ब्रेड तिथल्या तिथे ओला पडतो. केळं मात्र कच्चंच चालतं, फक्त ते पिकलेलं पण घट्ट असावं. लांबीत चार फाका करून एक फाक ठेवा आणि खाली शेंगदाण्याच्या किंवा बदामाच्या बटरचा पातळ थर द्या, म्हणजे ती घसरत नाही.

क्रीम चीज हे नवशिक्यासाठी सगळ्यात विश्वासू सारण. त्यातही पाणी बरंच असतं, पण ते बांधलेलं असतं, त्यामुळे गरम झालं तरी आकार धरून राहतं. शंभर ग्रॅम चीजला एक मोठा चमचा पिठीसाखर आणि थोडं लिंबाचं किसलेलं साल एवढंच घाला. साखर वाढवलीत तर ती विरघळून चीज सैल पडतं. जॅम आवडत असेल तर तो एकटा न भरता या चीजच्या पट्टीवर अर्धा चमचा ठेवा. नुसता जॅम तापला की पातळ होतो, उकळतो आणि जोडातून बाहेर येऊन पॅनला चिकटतो. पुढच्या वेळी पहिला प्रयत्न क्रीम चीजवरच करा, असं मी सुचवेन. हात बसला की चॉकलेटकडे वळा.

गुंडाळताना पहिला वेढा घट्ट घ्या, सारणाभोवती हवा राहू देऊ नका. शेवटच्या कडेवर बोटाने फेटलेल्या अंड्याची रेघ ओढा, रोल बंद करा आणि जोड खाली येईल असा ताटात ठेवा. सगळे झाले की ते ताट दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये. रोलच्या वजनाने जोड दाबला जातो आणि सारणही घट्ट होतं. टूथपिक टोचण्याचा सल्ला अनेक जण देतात. मला तो पटत नाही. टोचलेल्या भोकातून सारणाला वाट मिळते आणि भाजून झाल्यावर एखादी काडी काढायची राहून गेली तर ती लहान मुलाच्या तोंडात जाते.

आता तुम्ही विचारलेलं प्रमाण. आठ रोलसाठी दोन अंडी (टरफलाशिवाय साधारण १०० ग्रॅम), तीन मोठे चमचे म्हणजे ४५ मिलिलिटर दूध, अर्धा छोटा चमचा व्हॅनिला आणि चिमूटभर मीठ. साखर घालायची असेल तर एक छोटा चमचा, त्यावर नाही. सपाट टोस्टला मी याच दोन अंड्यांना १२० मिलिलिटरपर्यंत दूध घेते. रोलला कमी का? अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंशांपासून आणि बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान घट्ट व्हायला लागतो. त्यात दूध आणि साखर मिसळत गेलात की प्रथिनं विरळ होतात आणि मिश्रण आळायला ८० अंशांच्या आसपास जावं लागतं. सपाट टोस्टमध्ये आपल्याला मऊसर कस्टर्डच हवं असतं, म्हणून तिथे ते चालतं. रोलमध्ये मात्र मिश्रण लवकर आळून जोड धरायला हवा. दूध जास्त झालं की ते आळण्याआधीच वेढ्यांमधून आत झिरपतं, आणि दाबलेल्या ब्रेडच्या मधल्या थरात उष्णता पोचेपर्यंत बाहेरचं आवरण करपलेलं असतं.

वासाचं कारण बहुतेक वेळा अर्धवट फेटणं हे असतं. पांढऱ्या भागाच्या तारा राहिल्या की त्या रोलवर पांढऱ्या चकत्यांसारख्या शिजतात आणि तिथेच वास येतो. एक मिनिट मन लावून फेटा आणि चहाच्या गाळणीतून गाळा. दालचिनी मिश्रणात घालू नका. ती भिजत नाही, वर तरंगते आणि पहिल्या दोन रोलवर सगळीच्या सगळी चिकटते. तिची जागा शेवटी बाहेरच्या साखरेत.

बुडवण्याबद्दल मला जरा आग्रहाने बोलायचं आहे, कारण इथे मी स्वतः एकदा मोठं नुकसान केलं आहे. सुरुवातीच्या काळात सकाळी गडबड नको म्हणून चाळीस रोल रात्रीच अंड्या-दुधात बुडवून ट्रेमध्ये रचले. सपाट टोस्टचं तसं करता येतं, मग रोलचं का नाही, असा माझा हिशोब. सकाळी ट्रेमध्ये लगदा होता. एकही रोल अखंड उचलता आला नाही आणि पाहुणे टेबलावर बसलेले होते. त्या दिवसापासून नियम केला: पॅन तापल्याशिवाय एकही रोल मिश्रणात जाणार नाही. उथळ ताटलीत मिश्रण घ्या, रोल त्यात एकदा गडगडवा, दोन्ही टोकं टेकवा, उचला, निथळू द्या आणि सरळ पॅनमध्ये. सगळं मिळून चार-पाच सेकंद. रोलचं अंग नुसतं चकचकीत दिसलं पाहिजे. बोटांना तो मऊ लागला म्हणजे जास्त बुडाला.

इथवर जमलं तर उलगडण्याचा आणि गळण्याचा प्रश्न संपतो. उरतो तो बाहेर काळं, आत कच्चं हा. तो सर्वस्वी आचेचा आहे.

इथे मी तुम्हाला मिनिटांची पक्की हमी देऊ शकत नाही. तुमचं पॅन जाड आहे की पातळ, शेगडी गॅसची की इंडक्शनची, रोल फ्रिजमधून आलेत की बाहेरून, यावर वेळ बदलते. माझ्या जाड बुडाच्या नॉनस्टिक पॅनमध्ये, मध्यमहून किंचित कमी आचेवर, एक रोल साडेचार ते पाच मिनिटं घेतो. पॅनचा पृष्ठभाग १५० ते १६० अंशांवर असेल तर उत्तम. थर्मामीटर नसेल तर लोण्याकडे बघा. लोण्यात साधारण १६ ते १८ टक्के पाणी असतं. ते उडून जाताना फेस येतो आणि चरचर ऐकू येते. फेस बसायला लागला, चरचर मंदावली आणि लोणी अजून पिवळंच आहे, तो क्षण रोल ठेवण्याचा. लोणी पडताक्षणी तपकिरी झालं तर पॅन जास्त तापलं आहे. ते शेगडीवरून उतरवा, पुसा आणि पुन्हा सुरू करा. तसंच पुढे रेटलं तर पहिल्या चार रोलची चव जाते.

लोण्यात थोडं तेल घातलं की ते करपत नाही, असं सांगितलं जातं. लोण्यात करपतात ते दुधाचे घन कण, आणि तेल घातलं म्हणून त्या कणांचं करपणं थांबत नाही. ते फक्त विरळ होतात. करपू द्यायचं नसेल तर ते कण काढून टाकलेलं लोणी, म्हणजे तूप वापरा. मी अर्धं तूप, अर्धं लोणी घेते: तुपाने आच सांभाळली जाते आणि लोण्याने वास येतो. दर खेपेनंतर पॅन कागदाने पुसून नवं लोणी घाला. दुसऱ्या खेपेचे रोल पहिल्यापेक्षा काळे होतात, त्याचं कारण मागे राहिलेले करपट कण असतात.

रोल ठेवताना जोड खाली. आणि मग हात आवरा. पहिला एक ते सव्वा मिनिट त्याला हलवू नका, ढकलू नका, 'झालं का' म्हणून उचलून बघू नका. तेवढ्यात जोडावरचं अंडं आळतं आणि दार बंद होतं. त्यानंतर चिमट्याने पाव-पाव वळसा देत चारही अंगं भाजा, प्रत्येकी पाऊण ते एक मिनिट. २४ सेंटिमीटरच्या पॅनमध्ये एका वेळी चारच ठेवा. गर्दी केली की पॅनची उष्णता उतरते, वाफ कोंडते आणि रोल भाजण्याऐवजी उकडल्यासारखे फिके राहतात. शेवटी चिमट्याने उभे धरून दोन्ही टोकं दहा-दहा सेकंद पॅनला टेकवा. टोकांना एरवी आच लागतच नाही, आणि तुम्हाला आढळलेलं ओलसर अंडं बहुतेक तिथलंच असणार.

झाले हे कसं ओळखायचं? बोटाने हलकं दाबलं तर रोल परत वर येतो, आणि टोकाशी चकचकीत ओलं अंडं दिसत नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७१ अंश बघा. त्या तापमानाला अंडं खाण्यासाठी सुरक्षित होतं. गर्भार बाई, लहान मूल किंवा वृद्ध माणूस खाणार असेल तर अंदाजावर न जाता मोजूनच घ्यावं असं मी म्हणेन.

रंग लवकर येतोय आणि आतून व्हायला वेळ लागतोय, असं वाटलं तर आच कमी करून पॅनवर एक मिनिट झाकण ठेवा. मग झाकण काढून अर्धा मिनिट परत कोरडी आच द्या, नाहीतर वाफेने बाहेरचा खरपूसपणा जातो. मिश्रणात साखर जास्त घातली असेल तर मात्र ही युक्तीही पुरत नाही. साखर आणि दुधातली लॅक्टोज दोन्ही मिळून रंग भरभर आणतात. म्हणूनच गोडवा सारणात आणि बाहेरच्या साखरेत ठेवा, मिश्रण जवळपास फिकं राहू द्या.

बाहेरची साखर म्हणजे चार मोठे चमचे (साधारण ५० ग्रॅम) बारीक साखर आणि एक छोटा चमचा दालचिनी पूड. रोल पॅनमधून निघाल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत त्यात घोळवा, तेव्हाच अंगावरच्या लोण्याला साखर धरते. उशीर झाला तर ती झडून जाते. घोळवलेले रोल जाळीवर ठेवा. ताटलीत एकावर एक रचले तर खालचे वाफेने ओले होतात. तीन मिनिटं थांबून मगच वाढा. वरून रोल कोमट लागला तरी आतला जॅम किंवा चॉकलेट उष्णता धरून बसलेलं असतं आणि जीभ पोळते. मुलांसाठी मी मधून तिरपा काप देऊन एक मिनिट उघडा ठेवते.

अंडं न खाणाऱ्यासाठी: १५० मिलिलिटर गार दुधात दोन मोठे चमचे अंडंविरहित कस्टर्ड पावडर गुठळी न राहता मिसळा. पावडर नसेल तर तेवढंच कॉर्नफ्लोअर आणि थोडं व्हॅनिला. हे आवरण अंड्यासारखं फुगत नाही, पण पॅनवर स्टार्च शिजला की पातळ, कुरकुरीत सालीसारखं बसतं. स्टार्च तळाशी जातो, म्हणून प्रत्येक रोलआधी ढवळा. जोड चिकटवायला एक चमचा मैद्यात थोडं पाणी घालून केलेली खळ वापरा, नुसतं दूध पुरणार नाही. बुडवणं याहूनही झटपट, कारण इथे दूध जास्त आहे. आणि हे रोल आधी भाजा, अंड्याचे नंतर, म्हणजे पॅन आणि चिमटा स्वच्छ असतील. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर पॅन, चिमटा, ताटली, साखरेचं ताट सगळंच वेगळं ठेवा.

माणसं जास्त असतील तर पॅनसमोर उभं राहण्यापेक्षा ओव्हन बरा. रोल मिश्रणातून काढून बटर पेपरवर, जोड खाली, वरून वितळलेलं लोणी लावून २०० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. पॅनइतका रंग येत नाही, पण वीस रोल एकदम गरम वाढता येतात. एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर सात-आठ मिनिटं. तिथे निथळून घेणं जास्त महत्त्वाचं, नाहीतर मिश्रण जाळीत ठिबकून तिथेच शिजतं.

सकाळची घाई टाळायची असेल तर रात्री भरून, गुंडाळून, कोरडेच रोल घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. मघाशी मी ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका म्हटलं, ते लाटण्याआधीच्या ब्रेडबद्दल. गुंडाळून झालेल्या रोलला आता वळायचं नाही, त्यामुळे तो रात्रीतून थोडा ताठ झाला तरी फायदाच आहे, मिश्रण कमी शोषतो. फक्त फळाचं सारण असेल तर ते चांगलं आटवलेलं असू द्या. मिश्रणही रात्री फेटून फ्रिजमध्ये ठेवता येतं. ते बाहेर दोन तासांहून जास्त राहू देऊ नका. गार रोल भाजताना आच थोडी कमी आणि प्रत्येक बाजूला दहा-पंधरा सेकंद जास्त.

भाजलेले उरले तर साखरेत न घोळवता ठेवा. साखर ओल ओढते आणि सकाळपर्यंत रोलवर चिकट पाक होतो. फ्रिजमध्ये दोन दिवस, फ्रीझरमध्ये महिनाभर चांगले राहतात. १८० अंशांच्या ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटं किंवा झाकण न घालता मंद पॅनवर गरम करा, आणि मग गरम असतानाच दालचिनीच्या साखरेत घोळवा. पुढच्या प्रयत्नात काय झालं ते नक्की कळवा, आणि त्यासोबत पॅन कोणतं होतं आणि लोणी टाकल्यावर कसं वागलं, तेवढं लिहा. त्यावरून आच कुठे हलवायची ते मला सांगता येईल.